उखर्डूआबांच्या हातचा गुण

उखर्डूआबांच्या हाताला गुण आहे, हे शिंदखेड्याच्या आसपासच्या वीस-पंचवीस गावांत कुणाला सांगावं लागत नसे. तान्हं पोर रडून रडून निळं पडलं, कुणाच्या पोटात कळ उठली, कुणाची बरगडी धरली, की गाडी जुंपायची आणि बुराई नदीच्या काठाकाठानं आबांचं घर गाठायचं, असा रिवाजच पडला होता. आबा चुलीत लोखंडी सळई घालायचे, लाल झाली की काढायचे, आणि दुखतं तिथं आडवे तीन डाग द्यायचे. घरची मंडळी हातपाय धरून ठेवायची, माणूस एकदा बोंबलायचा, वर कोरफडीचा गर लावला की गाडी परत. आबा याचं कुणाकडून काही घेत नसत. घेतलं तर गुण जातो, अशी त्यांची समजूत होती. म्हणजे माणूस लबाड नव्हता, बरं का. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ऐकताना तुम्हाला त्यांचा राग येईल. मलाही सांगताना येतो.

हे सगळं सुरू झालं एकोणीसशे आठ साली, आणि तेही घरातच. उखर्डू तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. बाप बैलांना डाग द्यायचा. खांदा सुजला, पाय लचकला, की गावची जनावरं त्याच्याकडे यायची. बाप गेला आणि सळई पोराकडे आली. त्याच साली दिवाळीच्या सुमाराला त्याची बायको भागाबाई पोट धरून पडली. सतरा वर्षांची पोर, सासरी येऊन दीड वर्ष झालेलं. तीन दिवस ती गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होती. ओव्याचं पाणी झालं, हिंग लावून झाला, अंगारा झाला. तिसऱ्या दिवशी उखर्डूच्या तोंडचं पाणी पळालं. बैलाला चालतं ते माणसाला का चालू नये, असं त्याच्या डोक्यात आलं, आणि कुणाला न विचारता त्यानं सळई तापवली. बेंबीच्या डावीकडे, लुगडं खोचतात तिथंच, त्यानं तीन डाग दिले. दोन सरळ बसले, तिसऱ्याला हात थरथरला म्हणून तो जरा तिरका गेला.

घटकाभरानं त्यानं तिला विचारलं, थांबलं का गं? ती म्हणाली, थांबलं. दुसऱ्या दिवशी उठून तिनं भाकरी थापल्या, चौथ्या दिवशी कापसाच्या वेचणीला गेली.

झालं. विहिरीवर ही बातमी गेली आणि विहिरीवर गेलेली बातमी कुठवर जाते ते तुम्हाला मी सांगायला नको. आधी भाऊबंदांतलं एक पोर आलं, मग शेजारच्या गावची बाई आली, मग गाड्या येऊ लागल्या. उखर्डूचा उखर्डूभाऊ झाला, केस पिकले तसा आबा झाला. तिसरा डाग तिरका द्यायची सवय मात्र हाताला पहिल्या दिवसापासून लागली ती लागलीच. लोकांना वाटायचं त्यातच काही मंत्र असेल. आबांनीही कधी तसं नाही असं म्हटलं नाही.

आता यात एक गंमत होती, आणि ती आबांच्या कधी ध्यानातच आली नाही. डाग देऊन माणूस परत गेला की आबा त्याची वाट बघायचे. आठ-पंधरा दिवसांत परत आला नाही, की ते समाधानानं मान हलवायचे, म्हणायचे, आला नाही म्हणजे गुण आला. साध्या सरळ माणसाचा साधा सरळ विचार. गुण न आलेला माणूस दुसरीकडे जाईल, नाहीतर गाडीत बसायच्या लायकीचा राहणार नाही, नाहीतर सरळ जाळायलाच नेला असेल, हे त्यांच्या मनात कधी येतच नसे. आणि येणार तरी कसं? घरात जिवंत दाखला चालत-बोलत होता ना! कुणी नुसती शंका काढली तरी आबा म्हणायचे, माझ्या बायकोला विचारा.

भागाबाई विचारणाऱ्याला सांगायची, व्हय, मनं पोट थांबनं. आणि आत निघून जायची.

तिचा तो डाग मात्र तिला कधी सोडत नव्हता. बाकी कातडी मऊ, आणि तिथं तेवढा तळहाताएवढा भाग चकचकीत, ताठ, घाम न येणारा. त्यावरच लुगड्याची गाठ बसायची. वेचणीच्या दिवसांत कमरेला ओटा बांधून त्यात कापूस भरायचा, तर सगळा भार नेमका त्या जागेवर यायचा. दर साली कार्तिक-मार्गशीर्षात डाग तडकायचा, रक्ताची बारीक रेघ यायची, खाज सुटायची, मग पंधरवड्यात तेल लावून भरायचा. तेवीस वर्षं हे असंच चाललं. तिनं त्याचं कधी अवडंबर केलं नाही, आबांनीही लक्ष दिलं नाही.

एकतीस सालच्या वेचणीत डाग तडकला आणि भरला नाही. पौष गेला, माघ गेला, होळी झाली. जखमेला पाणी सुटायचं, कडा जाड होत चालल्या. वैशाखात वास येऊ लागला तेव्हा भागाबाईनं नवऱ्याला सांगितलं. आबांनी बघितलं, विचार केला आणि त्यांना जो एकच उपाय ठाऊक होता तो केला. ओली जखम सुकत नसेल तर तिच्या कडेनं डाग द्यायचा, बैलाच्या खांद्याला बाप असंच करायचा. त्यांनी एकदा दिला. पंधरा दिवसांनी आणखी एकदा दिला. भागाबाईनं दोन्ही वेळा दातात पदर धरला आणि आवाज केला नाही. जखम चार दिवस सुकल्यासारखी वाटली आणि मग दुप्पट पसरली.

पुढच्या कार्तिकात तिला उभं राहवेना. तेव्हा कुठे आबांनी तिला गाडीत घालून नरडाण्याला नेलं आणि तिथून सर्व्हिस मोटारीनं धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात.

दवाखान्यात पाऊल ठेवतानाच आबांची पाचावर धारण बसली होती. कारण पिंपळनेरकडच्या एका डाग देणाऱ्याला कुठल्याशा डॉक्टरानं फौजदाराच्या ताब्यात दिलं, अशी वदंता बाजारात फिरत होती. खरी की खोटी देव जाणे. पण आबांनी मोटारीतच ठरवलं होतं काय बोलायचं ते, आणि भागाबाईलाही बजावलं होतं.

डॉक्टर चाळिशीचे, कमी बोलणारे, शहरी मराठी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी जखम पाहिली आणि विचारलं, "हे कशानं झालं? किती दिवस झाले?"

"चुलीवर भाजाई गई, साहेब," आबा म्हणाले. "महिना व्हयना."

डॉक्टरांनी भागाबाईकडे बघितलं. तिनं खाली बघून मान हलवली. डॉक्टरांनी महिन्याभराची भाजलेली जखम म्हणून लिहून घेतलं, रोज धुवायची, मलम लावून पट्टी बांधायची असं सांगितलं. आता यात त्यांचं काय चुकलं? रोग्याचा नवरा सांगतो, रोगी मान हलवते, डॉक्टर काय ज्योतिषी असतो?

पट्टी बांधायचं काम हबीब नावाच्या माणसाकडे होतं. हबीबभाई पन्नाशीचा, अठरा वर्षं दवाखान्यात पट्ट्या बांधत आलेला. बोलका माणूस, पण हात हलका. तो रोज सकाळी यायचा, जुनी पट्टी भिजवून काढायचा, जखम धुवायचा, आणि दर दिवशी थोडा जास्त वेळ त्या जखमेकडे बघत बसायचा. एक आठवडा गेला, दोन गेले. भाजलेलं भरायला लागतं, हे भरत नव्हतं. उलट कडा वर येऊन बाहेरच्या बाजूला उलटत होत्या.

आबांना बायकांच्या वॉर्डात फार वेळ बसू देत नसत. मग ते व्हरांड्यात फिरायचे, पुरुषांच्या वॉर्डात डोकवायचे, कुणाकुणाची विचारपूस करायचे. असेच एकदा फिरताना त्यांनी एका खाटेवर पोट फुगलेला माणूस बघितला. अंगावर सदरा नव्हता. पोटावर तीन डाग होते, दोन सरळ आणि तिसरा तिरका.

आबा जागच्या जागी थबकले. माणूस त्यांना आठवेना, पण आपला हात त्यांनी ओळखला. माणसानं काही त्यांना ओळखलं नाही. तो गुंगीत होता. आबा झटकन बाहेर आले. मग काय, त्यांना चैनच पडेना. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम बघत फिरले. एका पोराच्या छातीवर डागाची कातडी दोरासारखी फुगून वर आली होती आणि ते पोर दिवसभर ती खाजवत होतं. एका म्हाताऱ्याच्या बरगडीवरच्या डागात पू झाला होता. एका बाईनं आबांना ओळखलं, हात जोडले, आणि सांगितलं की तुमच्याकडून नेलं त्याच्या तिसऱ्या दिवशी पोरगा गेला, आबा, त्याचं आयुष्यच तेवढं होतं. ती बाई आबांना दोष देत नव्हती. उलट त्यांचीच समजूत काढत होती. आबा त्या दिवशी जेवले नाहीत.

पण माणसाचं मन किती वळसे घेतं बघा. संध्याकाळपर्यंत आबांनी स्वतःला सांगितलं, इथं काय, ज्यांना गुण आला नाही तेच येणार. ज्यांना आला ते घरी शेत नांगरत असतील, ते कशाला धुळ्याला येतील? हेही खोटं नव्हतं. मग त्यांच्या मनात आलं, म्हणजे डॉक्टर बघतो ते सगळे बिघडलेले, आणि मी बघतो ते सगळे परत न आलेले. मग दोघांना मिळून खरं कुणाला ठाऊक? या विचाराशी येऊन त्यांचं डोकं थांबायचं. त्यांना शाळा ठाऊक नव्हती, पण गुंता कळत होता, आणि गुंता कळून सुटत नाही याचा त्रास वेगळाच असतो.

तिसऱ्या आठवड्यात हबीबभाईनं पट्टी बांधून झाल्यावर आबांना हळूच बाजूला घेतलं. म्हणाला, "आबा, चूल काय अशी सरळ रेघ मारते का?"

हबीबभाईनं मग आपला सदरा वर केला आणि स्वतःचं पोट दाखवलं. त्याच्याही बेंबीजवळ जुने डाग होते; लहानपणी अमळनेरला कुणा म्हातारीनं दिलेले. त्याला काही झालं नव्हतं, तो ठणठणीत होता. तो म्हणाला की मी कुणाला सांगणार नाही, पण तुम्ही डॉक्टरांना सांगा. जुन्या डागावरची जखम वेगळी असते, त्यांना ठाऊक नसेल तर ते पट्टीच बांधत बसतील आणि बाई हातची जाईल.

आबांनी त्याला उलट विचारलं की तुझ्याही पोटावर डाग आहे, तू चांगला कसा? हबीबभाईनं खांदे उडवले. ते काय त्याला सांगता येणार होतं?

आता आबांपुढे प्रश्न सरळ होता. सांगितलं तर फौजदार. आणि फौजदार नसला तरी चोवीस वर्षांचं नाव मातीत. नाही सांगितलं तर भागाबाई. एवढं सरळ असून त्यांना पूर्ण एक दिवस लागला, हे मला अजून पटत नाही. पण खरं आहे ते असं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीवर आले तेव्हा आबा भागाबाईच्या खाटेच्या पायथ्याशी उभे होते. पागोटं काढून हातात धरलं होतं.

"साहेब, ते चूलनं काम नही," ते म्हणाले. "ते मी करेल शे."

डॉक्टर थांबले. "तुम्ही केलंत? कधी?"

"पयला डाग चोवीस वरीस व्हयनात. नि औंदा वैशाखमा आखो दोनदा."

डॉक्टरांनी आरडाओरडा केला असता तर आबांना बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी पट्टी सोडवली, जखम पुन्हा नीट बघितली, कडा चिमटीत धरून बघितल्या, जांघेत गाठ आहे का ते चाचपलं. मग हबीबभाईला काही सांगितलं आणि आबांकडे वळून एवढंच म्हणाले, "तीन आठवडे गेले."

हे तीन शब्द आबांना मरेपर्यंत पुरले.

दुपारी डॉक्टरांनी त्यांना खोलीत बोलावून समजावलं. भाजून भरलेली कातडी ही खरी कातडी नसते. तिच्यात घाम नाही, ताण सोसायची ताकद नाही. लुगड्याची गाठ घासते, ओट्याचं ओझं ओढतं, ती तडकते, भरते, पुन्हा तडकते. असं वर्षानुवर्षं झालं की एखाद्या माणसात तिथं वाईट जातीचा व्रण उठतो आणि तो मांस खात आत जातो. आता मलम उपयोगाचं नाही. भोवतीच्या चांगल्या कातडीसकट सगळं कापून काढायचं आणि मांडीची कातडी तिथं लावायची. जांघेतल्या गाठीपर्यंत गेलं नसेल तर वाचेल.

आबांनी विचारलं की मग माझ्या हातानंच हे झालं, असं धरायचं का? डॉक्टरांनी जरा विचार केला आणि खरं तेच सांगितलं. डागावरच झालं, हे नक्की. पण असे डाग त्यांनी हजार लोकांच्या अंगावर बघितले होते आणि हजारांतल्या दोघा-चौघांना हा व्रण झाला होता. हिलाच का झाला, ते त्यांना सांगता येत नव्हतं. आबा म्हणाले, मग पयल्या दुखण्याचं काय? तिचं पोट तर डागानंच थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले, पोटातली कळ कातडी भाजून कशी थांबेल? पण थांबली होती, आबा म्हणाले. डॉक्टरांनी भुवया उचलल्या आणि समोरचा कागद ओढला.

आबा बाहेर आले ते पुरते भांबावून. फौजदार आला नाही, बायकोवर इलाज होणार, दोन्ही चांगलंच. तरी डोकं ठिकाणावर नव्हतं. डॉक्टर एवढा शिकलेला आणि त्यालाही हिलाच का, ते ठाऊक नाही. मग त्याचं तरी बाकीचं खरं कशावरून? आणि त्याचं खरं नसेल, तर त्याच्या हातात बायको का द्यायची? आणि नाही द्यायची, तर करायचं काय? ते दवाखान्याच्या आवारातल्या लिंबाखाली बसून राहिले आणि तेच तेच उगाळत राहिले.

भागाबाईला क्लोरोफॉर्म देऊन कापलं. दीड तास आबा व्हरांड्यात उभे होते, हबीबभाईनं दोनदा सांगूनही बसले नाहीत. गाठीत उतरलेलं नव्हतं. ती वाचली. मांडीची कातडी अर्धी धरली, अर्धी सुटली, पुन्हा लावावी लागली, दोन महिने ती खाटेवर होती. डाव्या बाजूला तळहाताहून मोठा खोलगट खड्डा राहिला. डॉक्टरांनी निघताना बजावलं की कमरेला घट्ट काही बांधायचं नाही, ओटा तर नाहीच, आणि दर चार महिन्यांनी येऊन दाखवून जायचं.

होळीच्या आधी दोघं घरी आली. आणि इथं मला आबांचा खरा राग येतो.

कारण घरी येऊन आठ दिवस होतात न होतात तोच माणूस पहिल्यासारखा झाला. भागाबाई हिंडू-फिरू लागली, गावातले लोक भेटायला आले, आबांच्या तोंडावर रंग आला. मनातल्या मनात त्यांनी सगळ्याची जुळणी करून टाकली होती. व्रण झाला तो लुगड्याच्या गाठीनं आणि ओट्यानं घासून. डाग चुकीचा नव्हता, जागा चुकीची होती. यापुढे कमरेवर द्यायचा नाही, जरा वर द्यायचा, म्हणजे झालं. आणि काही म्हटलं तरी पयलं दुखणं थांबलं होतं ते थांबलंच होतं, ते कोणता डॉक्टर नाही म्हणणार?

अशातच एक दिवस गावातली बेबाबाई दारात आली. तिच्या दोन वर्षांच्या पोरीला चार दिवस जुलाब होत होते, पोट वर आलं होतं, पोर मान टाकत होती. आबा म्हणाले, सकाळी उठल्या उठल्या घेऊन ये. बेबाबाईनं पाया पडून घेतलं आणि गेली. भागाबाई ओसरीवर ज्वारी पाखडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं.

सकाळी बेबाबाई पोर घेऊन आली. आबांनी सळई चुलीत घातलेली होतीच. पोरीला मांडीवर घेऊन तिची आई तयारीत बसली. आबांनी सळई काढायला हात पुढे केला, तर भागाबाई सावकाश उठली, कमरेवर हात दाबत चालत आली आणि चुलीच्या आणि त्यांच्या मधे बसली. तिला खाली बसताना त्रास व्हायचा, हे आबांना ठाऊक होतं. म्हणून ते आधी तिला धरायलाच पुढे झाले.

"त्या दिनले मनं पोट थांबेल नव्हतं," ती म्हणाली.

आबांना कळलंच नाही ती कशाबद्दल बोलते आहे.

"तुम्ही आखो सळई तापाडशात म्हनीसन मी सांगं, थांबनं. पंधरा दिन दुखत व्हतं. वेचणीले जाऊन बांधआड पडी ऱ्हायचे."

बेबाबाई एकदा हिच्याकडे बघे, एकदा त्यांच्याकडे. आबांचा हात तसाच पुढे होता. त्यांनी विचारलं, मग एवढी वर्षं बोलली का नाहीस? भागाबाईनं सांगितलं ते असं, की पहिल्यांदा भीती होती. मग लोक येऊ लागले, तुम्ही इतके खूश होतात की बोलायचं जिवावर आलं. मग इतकी पोरं येऊन गेली की आता बोलले तर त्या सगळ्यांचं काय, या भीतीनं तोंड उघडलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं हे इतक्या सपाट आवाजात सांगितलं, की जणू बाजारातून काय आणायचं ते सांगावं.

आबांनी पागोटं घातलं, बाहेर जाऊन गाडी जुंपली आणि बेबाबाईला म्हणाले, बस. ती रडायला लागली. म्हणाली, आबा, एवढ्या लांब पोर टिकायची नाही, तुमच्या हातचं एकदा द्या आणि मग चला. आबांनी पोर तिच्या हातातून घेऊन गाडीत ठेवली. नरडाण्यापर्यंत ते बैलांशीसुद्धा बोलले नाहीत. आपण करतो ते बरोबर का चूक, हे त्यांना त्या वाटेवरही कळत नव्हतं. पोर धुळ्याला पोचली आणि वाचली. पण तुम्ही हे ऐकून सुस्कारा टाकू नका, कारण पुढच्याच महिन्यात दुसरं एक पोर त्यांनी तसंच नेलं, ते सोनगीरच्या अलीकडे मोटारीतच गेलं. डाग द्यायचा होता, निदान वाचलं तरी असतं, असं त्याचा बाप दहा जणांसमोर म्हणाला. आबा ऐकून घेऊन घरी आले.

सळई त्यांनी परत हातात धरली नाही. पण नुसतं सोडून देऊन त्यांना झोप लागेना. भागाबाईनं भीतीनं थांबलं म्हणून सांगितलं, मग बाकीच्यांनी? या एका प्रश्नानं त्यांना असं धरलं की ते काठी घेऊन गावोगाव फिरू लागले. कुणाकुणाला कधी डाग दिला, जेवढे आठवत होते तेवढ्यांच्या दारात ते जायचे. पाणी प्यायचे आणि विचारायचे, खरं सांग, त्या वेळी गुण आला होता का?

लोक काय सांगणार? दारात म्हातारा आलेला, वीस वर्षांपूर्वी फुकट डाग देणारा, तोंड उतरलेलं. जो तो म्हणायचा, हो आबा, तुमच्याच हातानं बरं झालं. कुणी पायाही पडायचा. आबा विचारायचे, मला बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत? लोक म्हणायचे, नाही आबा, देवाशप्पथ. आणि आबा पुढच्या गावाला निघायचे. पन्नास जणांनी हो म्हटलं, आणि एकावरही त्यांचा विश्वास बसला नाही. नाही म्हणणारा एक जण भेटला असता तरी बाकीच्या एकोणपन्नासांवर त्यांनी विश्वास ठेवला असता, असं ते भागाबाईला म्हणाले.

असे दोन-तीन उन्हाळे गेले. एकदा ते नदीपलीकडच्या एका वस्तीवर चुडामण नावाच्या माणसाच्या घरी गेले. त्याच्या पोरीला त्यांनी सात-आठ वर्षांपूर्वी डाग दिला होता. चुडामण घरी नव्हता, त्याची बायको भाकरी करत होती. पोर आता दहा-अकरा वर्षांची झाली होती, अंगणात शेंगा फोडत बसली होती. आबा तिच्यासमोर उकिडवे बसले आणि होईल तेवढ्या मायेनं म्हणाले, बाई, तुला मी लहानपणी डाग दिला होता, आठवतं? त्यानं तुझं दुखणं थांबलं होतं का गं?

पोरीनं त्यांच्याकडे बघितलं. मग आत चुलीकडे बघितलं, तिथं विस्तव होता. तिच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. दोन्ही हात पोटावर धरून ती मागे सरकत भिंतीला टेकली.

"आते काहीच दुखत नही, आबा," ती घाईघाईनं म्हणाली. "बठ्ठं बरं शे."